घागरीतलं उजवं आसन

१

यंत्रांची ओळख लिहून देणं हा माझा धंदा. संग्रहालयात जुनं इंजिन आलं, छपाईचं यंत्र आलं, पाणबुडीचा तुकडा आला, की मला बोलावणं येतं. मी टेप, टॉर्च आणि गुडघ्यांना बांधायच्या दोन गाद्या घेऊन जाते, यंत्राच्या पोटात शिरते आणि बाहेर येऊन त्याचा तांत्रिक परिचय लिहिते. लांबी, रुंदी, वजन, कशाचं बनलंय, कसं चालायचं, का थांबलं. 'भव्य' नाही, 'अद्भुत' तर नाहीच. माझ्या लिखाणात कुणी विशेषण शोधून दाखवलं तर चहा माझ्याकडून, असं मी संग्रहालयात सांगून ठेवलंय. अजून कुणाला पाजावा लागलेला नाही.

घागर आली तेव्हाही मी अशीच गेले, गाद्या काखेत मारून.

घागर म्हणजे माणसांना अंतराळात नेऊन परत आणणाऱ्या यानाचा खाली उतरणारा भाग. यानाचं बाकी सगळं वरच जळून जातं. खाली येते ती ही दोन माणसांची कुपी. गळ्याशी निमुळती, पोटात फुगीर, बुडाला चुलीवरून उतरवल्यासारखी काळी. तिला अक्षरं-आकड्यांचं सरकारी नाव होतं, पण जे तिच्यावर काम करायचे ते तिला घागरच म्हणायचे. शेवटच्या फेरीनंतर ती निवृत्त झाली आणि कित्येक वर्षं एका गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली. त्या शेवटच्या फेरीत डाव्या आसनावर कप्तान होता, जो आता हयात नाही. आणि उजव्या आसनावर माझा मामा.

म्हणजे वशिला लावायला जागा होती, पण लावावा लागला नाही. यंत्राच्या पोटात शिरायला माझ्याशिवाय कुणी तयारच नसतं.

आत शिरायचं तर आधी डोकं, मग एक खांदा, मग उरलेली आपण. आतमध्ये जागा इतकी कमी, की दोघांना बसल्यावर एकमेकांच्या कोपरांची माफी मागत राहावं लागलं असेल. सगळीकडे धूळ होती. बटणांच्या पाट्यांवर, नळ्यांवर, कप्तानाच्या आसनावर बोटाने नाव लिहावं इतकी. मी टॉर्च उजवीकडे वळवला.

उजव्या आसनावर धूळ नव्हती.

पुसली होती म्हणावं, तर पुसल्यावर कडेला जो राखाडी काठ राहतो तोही नव्हता. रोजच्या बसण्या-उठण्यातली खुर्ची असते तसं ते आसन होतं.

आमच्याकडे जुन्या वस्तूंची डागडुजी करणारे गृहस्थ आहेत. डोळ्याला कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो. मी घागरीतूनच ओरडून विचारलं, "उजवीकडचं आसन पुसलंत का हो?"

"मी तर अजून आत पायसुद्धा ठेवला नाही," बाहेरून उत्तर आलं. "तुमच्या मामांची जागा म्हणून कुणी गोदामवाल्याने पुसली असेल. मोठ्या माणसांची सेवा!"

मी हसले आणि टिपून घेतलं, 'उजवे आसन, स्थिती चांगली'. 'चांगली' हे विशेषणच आहे, हे नंतर लक्षात आलं.

२

त्या संध्याकाळी मी मामाकडे गेले. आठवड्यातून एकदा जातेच. आई गेल्यापासून माहेर म्हणावं असं तेवढंच एक घर उरलंय.

मामा सत्तरीच्या पुढचा, पण सांगावं लागतं. पाठ पट्टी लावून आखल्यासारखी, केस दाट, जिना चढताना एक पायरी सोडून चढणार. मामी त्याच्याहून लहान, आणि पार वाकलेली. बाजारात दुकानदार मामाला विचारतात, "आईंना बसायला खुर्ची देऊ का?" मामी त्यावर स्वतःच हसते. म्हणते, "देऊ दे की. पुढच्या वर्षी आजी म्हणतील, तेव्हा निदान पाट तरी मागू." मामा मात्र हसत नाही. पिशव्या उचलतो आणि पुढे चालू लागतो.

तो अंतराळात गेला तेव्हा मी इतकी लहान होते, की त्याआधीचा मामा मला आठवतच नाही. मला आठवतो तो परत आल्यानंतरचा. मला सायकल शिकवणारा, बिस्किटं मोडून अपूर्णांक समजावणारा, गोवर आला तेव्हा उशाशी बसून पत्त्यांत मुद्दाम हरणारा. बाप लवकर गेलेल्या मुलीला मामा असतो, तसा तो होता.

"गेलीस का आत, बारके?" त्याने दार उघडता उघडता विचारलं.

"गेले ना."

कशी आहे घागर, गंज चढलाय का, काचा शाबूत आहेत का, असलं काही तो विचारेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, "कुठे बसलीस?"

"कुठेच नाही. चवड्यांवर. तिथे बसायला मनाई आहे."

"बरं केलंस." त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. "आणि आसनांबद्दल काय लिहिणार?"

"जे असतं ते. माप, बनावट, खालचे धक्काशोषक."

"आसनांचं कोण वाचतं गं? कवचाचं लिही, छत्र्यांचं लिही. लोकांना आगीचं आवडतं."

मामी चहा घेऊन आली. "तुझा मामा घागरीचं नाव काढलं की असाच आडवळणाला लागतो," ती म्हणाली. "मला एकदा दाखव म्हटलं, तर म्हणे गोदामात ओल आहे, पाय घसरेल. गोदाम नव्हतं तेव्हा म्हणे, परवानगी नाही. आयुष्य गेलं, नवऱ्याची गाडी काही बघायला मिळाली नाही."

"गाडी!" मामा म्हणाला, आणि त्याने विषय बदलला.

मी चहा प्यायले, पण घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ज्या जागेवर बसून हा माणूस आभाळातून खाली आला, ती जागा कशी आहे, हे त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिच्यावर कुणी बसलं का, एवढंच त्याला हवं होतं.

३

यानातलं आसन म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. खाली आपटताना पाठीचा कणा शाबूत राहावा म्हणून ते प्रत्येकाच्या अंगाबरहुकूम बनवतात. माणसाला ओल्या प्लास्टरच्या टबात उताणं झोपवायचं, प्लास्टर धरेपर्यंत हलू द्यायचं नाही. मग त्याच्या पाठीचा, मानेचा, डोक्याच्या मागच्या भागाचा खळगा तयार होतो. तो साचा. त्यावरून एका टणक हलक्या पदार्थाचं अस्तर कोरायचं आणि ते आसनात बसवायचं. एकाचं अस्तर दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. मामाच्या खळग्यात कप्तान मावला नसता, आणि उलटही.

भिंगवाल्यांनी कुठून कुठून खटपट करून दोघांचे मूळ प्लास्टरचे साचे मिळवले होते. "शेजारी शेजारी मांडू," ते म्हणाले. "लोकांना बघायला मजा येईल." आम्ही दोन्ही अस्तरं आसनांतून काढून कामाच्या टेबलावर आणली.

कप्तानाचं अस्तर आणि साचा जुळ्या भावांसारखे. मी मापं घेतली, ती केसभरही चुकली नाहीत.

मग आम्ही मामाचा साचा ठेवला. रुंद खांदे, सरळ कणा, जवान माणसाची पाठ. त्याच्या बाजूला उजव्या आसनाचं अस्तर ठेवलं.

अस्तरातला खळगा तरुणाचा नव्हता. खांदे आत ओढलेले, पुढे आलेले. मानेखाली, जिथे साच्यात सपाट होतं, तिथे वाटीएवढी खोल जागा, पोक काढून बसणाऱ्या माणसाला लागते तशी. डोक्याची जागा साच्यापेक्षा चांगली चार बोटं खाली सरकलेली.

"दुसऱ्या कुणाचं बसवलं असेल चुकून," मी म्हणाले.

भिंगवाल्यांनी अस्तर उलटं केलं. मागे कोरलेली खूण साच्यावरचीच होती, अगदी त्याच हाताने कोरलेली.

"मग दाबलं गेलं असेल. इतकी वर्षं..."

त्यांनी नख रोवून दाखवलं. ओरखडासुद्धा उठला नाही. "हे दाबलं जात नाही बाई. जमिनीवर आपटून नाही दबलं, ते गोदामात पडून दबणार?" मग त्यांनी भिंग खाली घेतलं, खळग्यावरच्या कापडावर धरलं. "हे बघा. कापड विरलंय. खांद्याला, कमरेला, मांडीखाली. एका फेरीत नाही विरत असं. आमच्या जुन्या हेडक्लार्कची खुर्ची अशी होती. जन्मभर बसले होते तिच्यात."

"कुणी बसलंय मग?"

"पाठीवरून सांगायचं तर म्हातारा. तुमच्या मामांच्या वयाचा."

"मामाला पोक नाही."

"म्हणून तर म्हणतो," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

अस्तर परत नेण्यासाठी त्यांनी डोक्याच्या खळग्यात हात घातला आणि चटकन काढून घेतला. मग खिडकीकडे पाहिलं. त्या खोलीला खिडकी उत्तरेला आहे. तिच्यातून उजेड येतो, ऊन कधीच येत नाही.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही हात लावून बघा."

मी लावला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखं ते ऊबदार होतं.

४

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. दिव्याची उष्णता. आमच्याच हातांची उष्णता. कोरताना झालेली चूक, जी तेव्हा झाकली गेली. उंदीर, ज्याने कापड कुरतडलं. यंत्रांच्या बाबतीत माझा अनुभव असा, की भुतं शेवटी निघतात ती गळक्या नळीतून किंवा सैल स्क्रूमधून. मी अस्तर जागच्या जागी बसवलं, झाकण लावलं आणि बाहेरची मापं घ्यायला लागले.

घागरीला दोन बाजूंना दोन छोट्या गोल काचा आहेत. बाहेरून करपलेल्या, पण भिंगवाल्यांनी त्या साफ केल्या होत्या. भरदुपारी मी उजवीकडच्या काचेचा व्यास मोजत होते, आणि मोजता मोजता काच अंधुक झाली. आतून. मधोमध धुकं आलं, पसरलं, आणि हळूहळू ओसरलं. मग परत आलं. परत ओसरलं.

मी टेप खाली ठेवला. माझा स्वतःचा श्वास मी रोखून धरलाय, हे मला फुप्फुसं दुखायला लागल्यावर कळलं. काचेवरचं धुकं मात्र त्याच्या चालीने येत-जात राहिलं, न थांबता.

दमट हवा, मी मनात म्हणाले. दमट हवा तालात येत नाही, हेही मनातच म्हणाले.

तेवढ्यात संचालकबाई आल्या. "बरं झालं भेटलात. तुमच्या मामांचा फोन आला होता. किती साधा माणूस! फक्त एक विनंती आहे म्हणाले. प्रदर्शनात घागरीचं झाकण बंदच ठेवा."

"का म्हणून?"

"लोक आत चढतील, नुकसान होईल, असं म्हणाले. मी म्हटलं कुलूप लावू. तर म्हणाले, कुलूप नको, वेल्डिंग करून टाका. कायमचं." संचालकबाई हसल्या. "मी म्हटलं, अहो, ऐतिहासिक वस्तू आहे, पाण्याची टाकी नव्हे!"

त्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून काचेकडे बघत होते. काच आता स्वच्छ होती. जणू आत कुणीतरी आमचं बोलणं ऐकायला श्वास रोखला होता.

५

मामापासून काही लपवायची मला सवय नाही. त्याच संध्याकाळी गेले आणि चपलाही न काढता विचारलं, "वेल्डिंग कशाला रे मामा?"

तो झाडांना पाणी घालत होता. झारी खाली ठेवली, पण वळला नाही. "तू अस्तर काढलंस."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला लागत नाही. पाठ भरून आली होती दुपारी." मग तो वळला. नेहमीचाच चेहरा. त्याच सुरकुत्या, ज्या माझ्या लहानपणी होत्या तेवढ्याच. हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं. "काढायचं नव्हतंस, बारके."

"तो खळगा तुझा नाहीये."

"नाही."

तो वाद घालेल, हसण्यावारी नेईल, वय वाढलं की डोळे जातात म्हणून मलाच चिडवेल, अशी मी तयारी करून गेले होते. 'नाही' ची तयारी केली नव्हती.

"मग कोणाचा?"

मामाने हात धोतराला पुसावेत तसे विजारीला पुसले. "तुला कसं सांगू? खाली आलो. बाहेरून झाकण उघडलं. एवढा उजेड. लोक उभे, हात पुढे केलेले, रडत होते काही जण. म्हणाले, या, या. कुणीतरी बाहेर यायला हवंच होतं ना?"

"म्हणजे काय, मामा?"

"म्हणजे मी आलो," तो म्हणाला. "आणि आल्यापासून कुणाला कमी पडू दिलं का मी? तुला पडू दिलं? तिला?"

नव्हतं पडू दिलं. शपथेवर सांगते, कधीच नाही. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

मामी दारात होती. किती वेळ होती कुणास ठाऊक. ती वाकलेली असल्यामुळे तिचा चेहरा चटकन दिसत नाही. मान वर करून ती माझ्याकडे बघत होती, मामाकडे नाही.

"मला बघायचीय ती घागर," ती म्हणाली.

"नको," मामा म्हणाला. "शिडी आहे. पडशील."

"मी तुला विचारलं नाही," मामी म्हणाली. "मी हिला विचारतेय."

६

संग्रहालय बंद असतं त्या दिवशी मी मामीला घेऊन गेले. मामा घरातून निघताना समोर आला नाही. आतल्या खोलीत त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

भिंगवाल्यांनी शिडीच्या जागी लाकडी उतार लावून दिला आणि ते जेवायला गेले. एवढ्या मोठ्या दालनात आम्ही दोघीच. मामीने घागरीला एक फेरी मारली. काळ्या बुडाला हात लावला, बोटांकडे पाहिलं. भांडं नीट घासलंय का बघतात तसं.

"आत जायचंय मला."

"मामी, जागा फार अरुंद आहे. वाकावं लागतं."

"वाकायचं मला कोण शिकवणार," ती म्हणाली. खरंच, इतक्या सहज त्या तोंडातून आत गेलेलं मी कुणालाच पाहिलं नाही.

"डावीकडे बस हं!" मी ओरडले. "उजवीकडे नको."

तिने झाकणातून डोकं बाहेर काढलं आणि मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असा चेहरा केला. "उजवीकडे कशी बसेन?" ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळाने तिचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. थोडं बोलायची, थांबायची, हं म्हणायची, परत बोलायची. टेलिफोनवर बोलतात तसं. मध्येच ती हसली. मामी रोज हसते, पण हे हसू मी ऐकलेलं नव्हतं. ते एका तरुण बाईचं हसू होतं.

म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात, मी मनात म्हणाले. मग उजव्या आसनाखालचा धक्काशोषक वाजला. त्यातलं तेल कधीच काढून टाकलंय, हे मीच माझ्या परिचयात लिहिलं होतं. त्याच्यावर भार पडला तरच तो आवाज करू शकतो. बसलेल्या माणसाने कूस बदलली, की जसा पलंग कुरकुरतो, तसा तो लांबलचक कुरकुरला.

मी उजवीकडच्या काचेपाशी गेले. पाय न्यायला तयार नव्हते, मीच त्यांना नेलं. काचेवर धुकं होतं. मी वाकून डोळा लावला, तेव्हाच ते मध्ये फाटलं.

पलीकडे, डाव्या आसनावर, मामीचा चेहरा होता. वर उचललेला, उजळलेला. तो मला अर्धाच दिसत होता, कारण तिच्या आणि काचेच्या मध्ये काहीतरी होतं. ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण ते फार जवळ होतं. तो एक कान होता. म्हाताऱ्या माणसाचा लोंबलेला, पातळ कान, त्यावर वाढलेले पांढरे केस. मामीचा हात आला आणि तिने ते केस कानामागे सारले.

मग धुकं आलं.

मी उतार नसलेल्या बाजूला जाऊन जमिनीवर बसले. मामी आपली आपण बाहेर आली, पदर झटकला, उतारावरून खाली उतरली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मान अवघडलीय ह्यांची. तिथे एक उशी नाही का ठेवता येणार?"

ह्यांची. मामाला ती पहिल्यापासून अरे-तुरे करते. परत आल्यापासून, म्हणजे मला आठवतं तेव्हापासून. आम्ही तिला कौतुकाने पुढारलेली म्हणायचो.

"ठेवता येईल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. घराचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "आज तुझ्याकडे येते. चालेल?"

"मामाला काय सांगू?"

"त्याला सांगायला नको," मामी म्हणाली. "त्याला कळलं असेल."

७

सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं, पण साखळी न काढता. ती साखळी घर घेतल्यापासून तिथे आहे, मी कधी लावली नव्हती. आदल्या संध्याकाळी लावली होती.

मामा होता. दाढी केलेला, शर्टाला इस्त्री, हातात पिशवी. त्याची नजर साखळीवर गेली आणि त्याने ती लगेच दुसरीकडे वळवली, जसं कुणाच्या घरात नको ते दिसल्यावर भला माणूस वळवतो.

"तिच्या गोळ्या आहेत," तो म्हणाला. "चष्माही राहिला होता. निळी गोळी चहाच्या आधी, नाहीतर तिला मळमळतं."

मी फटीतून पिशवी घेतली. आतून शाल निघाली, इस्त्रीची घडी घातलेली. त्या क्षणी मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. सायकलवरून पडले होते तेव्हा रडले होते तसं. आणि त्याच क्षणी साखळीवरचा माझा हात घट्ट झाला.

"झोपली का नीट?"

"झोपली."

तो जायला वळला, परत फिरला. आवाज अगदी खाली आणून, शेजाऱ्याची चौकशी करावी तसं त्याने विचारलं, "ओळखलं का त्यांनी तिला?"

मी खोटं बोलणार होते. मान आपोआप होकारार्थी हलली.

मामाने डोळे मिटले. भिंतीला हात टेकवला. मला वाटतं तो त्या बातमीची फार वर्षं वाट बघत होता, आणि ती येऊ नये म्हणूनही तेवढीच वर्षं.

"मग आता ते बसून राहायचे नाहीत," तो म्हणाला. "इतके दिवस काय होतं, त्यांना वाटायचं कुणी आठवण काढत नाही. उगीच कुठे उठा." मग म्हणाला, "ते झाकण आतूनही उघडतं, बारके. लिहिलंयस ना तू?"

लिहिलं होतं. 'आणीबाणीच्या वेळी झाकण आतून, एका हाताने उघडता येते.' छापायलाही गेलं होतं.

"मामा," मी म्हणाले. "मला तुझ्याआधीचं काही आठवत नाही."

"माहितीय," तो म्हणाला. "मला पण."

आम्ही तसेच उभे राहिलो, तो बाहेर, मी आत, मध्ये ती साखळी. काढावी का, हे मी खरोखरच ठरवत होते. तो कोणीही असो, मला गोवर आला तेव्हा उशाशी तोच बसला होता. मी कडीला हात घातला. साखळी खळकन वाजली.

आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. मामी उठून बसली असावी.

"कोण आलंय गं?" तिने विचारलं. आवाजात झोप नव्हती. केस नीट करत, घाईने विचारलेला प्रश्न होता तो.

मी मामाकडे पाहिलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काय म्हणते याच्याकडे.

"मामा आलाय," मी म्हणाले.

आतून दाराच्या दिशेने पावलं आली, मध्येच थांबली.

"कुठला?" मामीने विचारलं.